पर्पेतुआची तुरुंगातली डायरी, जरा सोप्या भाषेत

"बाबा, ते तिथं पडलेलं भांडं दिसतंय ना तुम्हाला, पाण्याची सुरई का काय आहे ती?"

"दिसतंय की."

"तिला सुरई सोडून दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारता येईल का?"

"नाही."

"मग माझंही तसंच. मी जी आहे ती सोडून मला दुसरं काही म्हणवून घेता येत नाही. मी ख्रिस्ती आहे."

हे ऐकून बाप असा काही भडकला की आता हिचे डोळेच उपटतो अशा आवेशात अंगावर धावून आला, पण केलं काही नाही, नुसता तणतणला आणि निघून गेला. नंतर काही दिवस तो फिरकला नाही, आणि पोरीनं सरळ लिहून ठेवलंय की बाबा आले नाहीत म्हणून मला जरा बरं वाटलं, मी देवाचे आभार मानले. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. संतचरित्रात असं वाक्य कोण ठेवतं? वडील आले नाहीत म्हणून हायसं वाटलं, हे फक्त ज्याच्यावर गुदरलंय तोच लिहू शकतो.

ही पोरगी म्हणजे विबिया पर्पेतुआ, वय साधारण २२, साल इसवी सन २०३, ठिकाण रोमन आफ्रिकेतलं कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या ट्युनिस शहराला अगदी लागून. त्या काळात रोम सोडलं तर साम्राज्याच्या पश्चिम भागात एवढं मोठं शहर जवळजवळ नव्हतंच, बंदर, बाजार, नाटकगृहं, कोर्टकचेऱ्या सगळं होतं.

आता संतांच्या गोष्टींचं एक असतं, त्या लिहिणारे दुसरेच कुणीतरी असतात आणि बहुतेक वेळा खूप उशिरा लिहितात. आमच्या वसईकडे लहानपणापासून सेबॅस्टियन म्हटलं की अंगभर बाण आणि लॉरेन्स म्हटलं की लोखंडी जाळी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यात लॉरेन्सचा तो डायलॉग, की ही बाजू भाजून झाली, आता परता. पण लॉरेन्स मारला गेला २५८ साली आणि हे जाळीचं वर्णन आपल्यापर्यंत आलंय ते चौथ्या शतकाच्या शेवटाकडच्या लेखकांकडून, म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली, तेवढ्यात गोष्टीला किती हात लागले असतील ते तुम्हीच बघा. पर्पेतुआची गोष्ट वेगळी आहे ती इथंच. तिनं तुरुंगात बसून स्वतः लिहिलं. प्राचीन जगातल्या ख्रिस्ती बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असं जे काही उरलंय त्यात हे सगळ्यात जुन्यांपैकी एक, आणि काही अभ्यासकांना ते खरंच तिचं आहे का अशी शंका असली तरी बरेचसे लोक ते तिचंच मानतात. मीही मानतो, का ते पुढं कळेल.

पुस्तक केवढं, तर २१ छोटी छोटी प्रकरणं, तासाभरात वाचून होतं. लॅटिनमध्ये त्याला पासिओ म्हणतात, म्हणजे यातना-कथा. सुरुवात आणि शेवट कुणा संपादकानं लिहिलाय, त्याचं नाव नाही, कार्थेजचाच मोठा लेखक तेर्तुलियन असावा असं बरीच वर्षं म्हटलं गेलं पण सिद्ध काही झालं नाही. मधली ३ ते १० ही प्रकरणं पर्पेतुआची. त्यानंतर तिच्याबरोबरच्या सातुरुसनं सांगितलेलं एक स्वप्न. म्हणजे एकाच पुस्तकात तीन आवाज, आणि गंमत अशी की ते तिन्ही वेगळे ऐकू येतात. संपादक लांबलचक, फुगवलेली वाक्यं लिहितो. पर्पेतुआ तुटक लिहिते. आधी हे झालं, मग ते झालं, मला भीती वाटली, मग बरं वाटलं. बास.

मुळात रोमन लोकांना ख्रिश्चनांचा एवढा प्रॉब्लेम काय होता ते आधी समजून घेऊ, कारण शाळेत किंवा सिनेमात जे दाखवतात की रोमन म्हणजे दुष्ट आणि रोज सकाळी उठून ख्रिश्चन शोधायचे, तसं नव्हतं. रोमन लोकांना कुणी किती देव मानतो याचं काही पडलेलं नव्हतं. तुमचा देव तुम्ही पुजा, पण सम्राटाच्या खुशालीसाठी देवांना एक बलिदान करा, चिमूटभर धूप टाका आणि घरी जा. तुमच्या मनात काय आहे हे विचारायचंच नाही, काम फक्त हाताचं, सरकारी कागदावर सही केल्यासारखं. ज्यू लोक हे करत नव्हते पण त्यांना सूट होती, कारण त्यांचा धर्म जुना, बापजाद्यांचा, आणि जुन्याबद्दल रोमन माणसाला फार आदर. ख्रिस्ती लोक मात्र बापजाद्यांचं सोडून आलेले, म्हणजे रोमन डोक्याच्या हिशोबानं ना धड इकडचे ना तिकडचे, आणि वर देवांचा अपमान करून सगळ्या गावावर संकट आणणारे. तेर्तुलियन चिडून लिहितो की रोमच्या टायबर नदीला पूर आला तरी आणि नाईलला पूर आला नाही तरी, दुष्काळ पडला, साथ आली की लगेच ओरड सुरू, ख्रिश्चनांना सिंहापुढं टाका! आणि मग हळूच विचारतो, एवढे सगळे, एकाच सिंहापुढं?

कायदा काय होता? साधारण ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाच्या राज्यपालानं सम्राट ट्राजानला पत्र लिहून विचारलं होतं की यांचं करायचं काय, तर उत्तर आलं की मुद्दाम शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी समोर आणून उभा केला आणि तो कबूल असेल तर शिक्षा द्या, आणि नाकारून देवांची पूजा केली तर सोडून द्या. म्हणजे जगातला विचित्रच गुन्हा, जो तुम्ही आत्ता या क्षणी 'मी नाही' म्हटलं की पुसला जातो. चोरानं 'मी आता चोर नाही' म्हटलं तर कुणी सोडत नाही, पण ख्रिश्चनानं म्हटलं की सोडायचा. त्यामुळं कोर्टात सगळा जोर असायचा तो आरोपीला 'नाही' म्हणायला लावण्यावर, समजावणं, धमकी, घरच्यांना पुढं करणं, सगळं त्यासाठीच. २०३ साली सम्राट होता सेप्टिमियस सेव्हेरस, तो स्वतः आफ्रिकेतलाच, आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा. त्यानं धर्मांतरावर बंदी घातली होती असं जुन्या पुस्तकांत असतं पण त्यावर इतिहासकारांत बराच वाद आहे. पकडलेले सगळे मात्र नव्यानं आलेले, बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीची, तयारी चाललेले लोक होते हे खरं.

मराठीत आपण मार्टिरला हुतात्मा म्हणतो, हुत म्हणजे आहुती दिलेलं, आणि चर्चमध्ये दुसरा शब्द चालतो, रक्तसाक्षी. मला या बाबतीत दुसरा जास्त बरोबर वाटतो, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच साक्षीदार असा आहे, कोर्टातला साक्षीदार. मरणं हा नंतरचा भाग, आधी उभं राहून जे आहे ते आहे म्हणायचं. सुरईला सुरई म्हणायचं.

तर पकडले कोण कोण? रेवोकातुस आणि फेलिसिटी, दोघंही गुलाम, सातुर्निनुस, सेकुंदुलुस आणि पर्पेतुआ. यांना शिकवणारा सातुरुस त्या वेळी तिथं नव्हता, त्यानं नंतर आपण होऊन स्वतःला हजर केलं. पर्पेतुआबद्दल संपादक एका ओळीत सांगतो, चांगल्या घराण्यातली, शिकलेली, रीतसर लग्न झालेली, आईवडील हयात, दोन भाऊ आणि अंगावर पिणारा मुलगा. नवरा? नवरा अख्ख्या पुस्तकात कुठंच नाही. मेला, सोडून गेला, ख्रिस्ती असल्यानं लपला, घरच्यांनी नाव काढून टाकलं, लोकांनी शंभर तर्क केलेत. डायरीत त्याच्यासाठी एक शब्द नाही आणि जागा अडवून बसलाय तो बाप.

तुरुंगात टाकलं तेव्हाचं तिचं वाक्य साधं आहे, मी घाबरले, कारण एवढा अंधार मी कधी पाहिला नव्हता. मोठ्या घरची मुलगी, दिवाबत्तीत वाढलेली. मग लिहिते की गर्दीमुळं भयंकर उकाडा, शिपाई पैसे उकळायला बसलेले, आणि या सगळ्याहून मोठं टेन्शन म्हणजे बाळ. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस नावाचे दोन डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, होते, त्यांनी पैसे चारले आणि काही तासांसाठी यांना तुरुंगाच्या जरा बऱ्या भागात न्यायची सोय केली (कैद्याच्या नातेवाइकांनी हात ओले केल्याशिवाय काही हलत नाही हे १८०० वर्षांपूर्वीही तसंच होतं). तिथं तिनं बाळाला घेतलं तर ते भुकेनं अर्धमेलं झालेलं. तिनं पाजलं, आईशी बोलली, भावाला धीर दिला, बाळ त्यांच्या हवाली केलं. नंतर खटपट करून बाळाला तुरुंगातच जवळ ठेवायची परवानगी मिळवली आणि लिहिलं की तुरुंग मला एकदम राजवाडा वाटायला लागला, दुसरीकडं कुठं असण्यापेक्षा इथंच बरं असं झालं.

कुठल्याही बाळंतिणीला विचारा, हे काय आहे ते कळेल. एखाद्या संपादकाला धर्मासाठी गोष्ट रचायची असती तर त्यानं देवदूत आणले असते, प्रकाश पाडला असता. दूध आणि उकाडा त्याला सुचला नसता असं मला वाटतं, म्हणून मी वर म्हटलं की हे तिचंच आहे.

बाप पुन्हा आला. या वेळी आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, माझ्या पिकल्या केसांकडं बघ, तुझ्या सगळ्या भावांपेक्षा तुला जास्त जीव लावला, या हातांनी तुला एवढं वाढवलं, मला लोकांच्या तोंडी देऊ नकोस, तुझ्या आईकडं, मावशीकडं बघ, पोराकडं बघ, ते तुझ्याशिवाय जगणार नाही, हट्ट सोड, तुला काही झालं तर आमच्यातला एकजण पुन्हा मोकळेपणानं तोंड उघडू शकणार नाही. हे म्हणताना तो तिचे हात चुंबत होता, पायाशी लोळण घेत होता आणि तिला 'मुली' न म्हणता 'बाईसाहेब' म्हणत होता. रोमन कायद्यात बापाचा मुलांवरचा अधिकार केवढा मोठा होता ते डोक्यात ठेवून हे वाचा, म्हणजे तो माणूस कुठून कुठं येऊन पडला ते समजेल. पर्पेतुआला काही वाटलं नाही असं अजिबात नाही. ती लिहिते की बाबांचं मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या या दुःखात आनंद न मानणारे आमच्या घरात ते एकटेच. हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. म्हणजे बाकीच्या घरानं मनातून मान्य केलं होतं. एकटा पडलेला तोच.

मग एके दिवशी जेवता जेवता अचानक उठवून सुनावणीला नेलं. गावातल्या मुख्य चौकात ही गर्दी. मूळ राज्यपाल वारलेला, त्याच्या जागी हिलारियानुस नावाचा अधिकारी काम बघत होता. बाप तिथं बाळाला घेऊनच आला आणि तिला पायरीवरून ओढायला लागला. हिलारियानुस म्हणाला, बापाच्या पांढऱ्या केसांची दया कर, लेकराची दया कर, सम्राटांच्या खुशालीसाठी बली दे. नाही देणार. तू ख्रिस्ती आहेस? आहे, मी ख्रिस्ती आहे. बाप अजून मध्ये मध्ये करत होता म्हणून त्याला खाली पाडून छडीनं मारायचा हुकूम झाला, आणि ती लिहिते की जणू मलाच मारलं असं ते मला लागलं. शिक्षा झाली जंगली प्राण्यांपुढं टाकण्याची. तुरुंगात परत आल्यावर तिनं बाळाला आणायला माणूस पाठवला तर बापानं बाळ दिलंच नाही. आणि तेव्हापासून, तिच्या म्हणण्याप्रमाणे, बाळानं अंगावर प्यायला मागितलं नाही आणि तिलाही गाठी होऊन ताप आला नाही, त्याला ती देवाची कृपा म्हणते.

मधल्या मधल्या दिवसांत तिला चार स्वप्नं पडली, आणि ती पुस्तकातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आहे. पहिल्यात आकाशापर्यंत गेलेली पितळी शिडी, इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढेल, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे लावलेले, आणि खाली मोठा अजगरासारखा ड्रॅगन. सातुरुस आधी वर गेला, ती मागून, ड्रॅगनच्या डोक्यावर पहिल्या पायरीसारखा पाय देऊन. वर मोठी बाग, आणि मेंढपाळाच्या वेषातला पांढऱ्या केसांचा उंच म्हातारा मेंढ्यांचं दूध काढत बसलेला. "आलीस पोरी, बरं झालं" म्हणाला आणि काढत असलेल्या दुधातला चीजसारखा घास तिला दिला, तिनं तो ओंजळीत घेऊन खाल्ला, भोवतीचे सगळे आमेन म्हणाले. जाग आली तेव्हा तोंडात काहीतरी गोड चघळत होती. ओंजळ करून घेणं आणि मग आमेन, हे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण मला जास्त चटका लावतात ती दोन आणि तीन नंबरची स्वप्नं, तिच्या मेलेल्या भावाची. दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या भयानक आजारानं गेला होता, बघणाऱ्यांना शिसारी यावी असा आजार. प्रार्थना करताना अचानक त्याचं नाव तिच्या तोंडून निघालं आणि तिलाच आश्चर्य वाटलं की एवढ्या दिवसांत आठवला कसा नाही. त्या रात्री दिसला तो अंधाऱ्या जागेतून बाहेर येताना, घामाघूम, तहानलेला, चेहऱ्यावर तीच जखम, समोर पाण्यानं भरलेला हौद पण काठ त्याच्या उंचीपेक्षा वर, बिचारा टाचा उंचावतोय. ती उठली आणि रोज त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत राहिली. काही दिवसांनी पुन्हा दिसला, स्वच्छ, चांगले कपडे, जखमेच्या जागी नुसता व्रण, हौदाचा काठ आता त्याच्या कमरेएवढा खाली आलेला, काठावर सोन्याचं भांडं. पोटभर पाणी प्यायला आणि लहान मुलं खेळतात तसा खेळायला पळाला. स्वतःला थोड्याच दिवसांत जनावरांपुढं टाकणार आहेत आणि ही भावाच्या तहानेची काळजी करतेय.

चौथं स्वप्न खेळांच्या आदल्या दिवशीचं, खेळ म्हणजे आखाड्यात लोकांसमोर कैद्यांना जनावरांपुढं टाकायचे तेच. आखाडा, समोर एक धिप्पाड इजिप्शियन मल्ल, तिचे कपडे काढतात आणि ती लिहिते, मी पुरुष झाले. तेल चोळून कुस्ती, ती त्याला तोंडावर पाडते, डोक्यावर पाय देते, आणि बक्षीस म्हणून सोन्याची फळं लागलेली हिरवी फांदी मिळते. 'मी पुरुष झाले' या तीन शब्दांवर गेल्या काही दशकांत विद्यापीठांमध्ये एवढं लिहिलं गेलंय की विचारू नका, त्यात मी भर घालत नाही. डायरी तिथं संपते. शेवटचं वाक्य असं की खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं, प्रत्यक्ष खेळात काय होईल ते कुणाला लिहायचं असेल तर लिहो.

आणि लिहिलं कुणीतरी, त्या अनामिक संपादकानं. त्यानं फेलिसिटीची गोष्ट सांगितली म्हणून आपल्याला ती कळते, नाहीतर पर्पेतुआच्या डायरीत तिचं नावही नाही (हे मला खटकतं, पण आहे तसं आहे, एक मालकांच्या वर्गातली आणि एक गुलाम). फेलिसिटी आठ महिन्यांची गरोदर होती. रोमन कायद्यात गरोदर बाईला मारत नसत, त्यामुळं तिला भीती ही की आपली शिक्षा पुढं ढकलतील आणि नंतर कुठल्यातरी खऱ्या गुन्हेगारांबरोबर एकटीला मरावं लागेल. तीन दिवस आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, त्रास झाला, ती ओरडली, तर एक नोकर टोमणा मारतो, आत्ताच एवढी ओरडतेस, जनावरांपुढं टाकल्यावर काय करशील? तिचं उत्तर असं, आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय, तिथं माझ्यात दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे. मुलगी झाली. एका बहिणीनं ती आपली म्हणून वाढवली. सेकुंदुलुस त्याआधीच तुरुंगात वारला होता.

७ मार्च २०३. निमित्त सम्राटाचा धाकटा मुलगा गेटा याचा वाढदिवस. आखाड्याच्या दारात यांना वेष करायला लावत होते, पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचा, बायकांना सेरेस देवीच्या पुजारणींचा, म्हणजे मरताना तरी देवपूजेचा देखावा. पर्पेतुआनं साफ नकार दिला, म्हणाली हेच करायला लागू नये म्हणून तर आम्ही इथवर आलो, सौदा तसा झालाय. अधिकारी गप्प बसला. आत काय झालं ते मी सगळं नाही सांगत, काही गोष्टी मात्र लक्षात राहतात. सातुरुसला अस्वलाची फार भीती होती, आणि त्या दिवशी अस्वल पिंजऱ्यातून बाहेरच आलं नाही. रानडुकरानं त्याला बांधणाऱ्यालाच फाडलं. शेवटी बिबट्याच्या एका चाव्यात तो रक्तानं न्हाला तेव्हा गर्दी ओरडली, "छान अंघोळ झाली!", ही त्या काळी सार्वजनिक स्नानगृहात एकमेकांना म्हणायची पद्धत. त्यानं पुदेन्स नावाच्या जेलरची अंगठी मागून घेतली, जखमेत बुडवून परत दिली.

बायकांसाठी मुद्दाम गाय आणलेली, बाईला बाई म्हणून, माजलेली रानटी गाय. आधी दोघींना जाळ्यात गुंडाळून उघड्यानं आणलं तर गर्दीच शहारली, एक नाजूक मुलगी आणि दुसरी कालपरवाची बाळंतीण, छातीतून दूध गळणारी. हजारो माणसं रक्त बघायला आलेली, आणि त्यांनाही ते बघवलं नाही. परत नेऊन अंगावर सैल झगे घालून आणलं. गायीनं पर्पेतुआला उडवलं, ती पडली, फाटलेला झगा मांडीवर ओढला, मग केसांतला आकडा शोधून केस नीट केले, कारण मोकळे केस म्हणजे सुतक आणि तिला सुतकात असल्यासारखं दिसायचं नव्हतं. मग उठून फेलिसिटीला हात देऊन उभं केलं. शेवटी सगळ्यांना तलवारीनं मारलं. पर्पेतुआच्या वाट्याला आलेला ग्लॅडिएटर नवशिका होता, त्याचा पहिला वार हाडावर बसला, ती किंचाळली, आणि त्याचा थरथरणारा हात धरून तिनंच तो आपल्या गळ्याशी नेला.

पुढं काय झालं? लोक विसरले नाहीत. ३५४ सालच्या रोमच्या कॅलेंडरमध्ये ७ मार्चला यांची नोंद आहे, आणि त्या यादीत आफ्रिकेतल्या फारच थोड्यांना जागा मिळालीय. उत्तर आफ्रिकेत दरवर्षी हे पुस्तक चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं जायचं, आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर प्रवचन द्यायला उभा असायचा तो हिप्पो शहराचा बिशप संत ऑगस्टिन. त्याची काही प्रवचनं शिल्लक आहेत. त्याला शब्दांचे खेळ फार आवडायचे, पर्पेतुआ म्हणजे कायम, फेलिसितास म्हणजे सुख, दोन्ही नावं जोडली की कायमचं सुख, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. बरोबरचे पुरुष असूनही दिवस या दोघींच्या नावानं का, याचं कारणही तो असंच देतो. पण वाचताना कळतं की मोठ्या बिशपला या पोरीची थोडी अडचणच होत होती. दिनोक्रातेसवरून तर वादच झाला. विन्सेन्शियस व्हिक्टर नावाच्या एकानं युक्तिवाद केला की बघा, बाप्तिस्मा न झालेलं पोरगंही प्रार्थनेनं सुटलं. ऑगस्टिननं उत्तर दिलं की एकतर हे पुस्तक काही बायबल नाही, आणि दुसरं म्हणजे पोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता असं कुठं लिहिलंय, झाला असेल आणि नंतर बापानं त्याला मूर्तिपूजेला नेलं असेल. सात वर्षांचं पोर! हौदाचा काठ खाली आला हे बहिणीला दिसलं होतं, आता नियमात बसवायला कारण शोधणं चाललेलं.

नंतर मूळ पुस्तक मागं पडलं, लोक छोट्या केलेल्या आवृत्त्याच वाचत. लुकास होल्स्टे या विद्वानाला सतराव्या शतकात इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या मठात पूर्ण लॅटिन हस्तलिखित मिळालं, ते छापून आलं १६६३ साली. ग्रीक प्रत सापडली जेरुसलेममध्ये, १८८९ ला. आधी कुठली लिहिली यावर भांडण झालं, आता बहुतेक जण लॅटिन म्हणतात. इटलीत रावेन्नाला सहाव्या शतकाच्या मोझेकमध्ये दोघी दिसतात, आणि कार्थेजच्या आखाड्याचे अवशेष आजही आहेत, फार काही उरलेलं नाही.

मिस्सा ऐकणाऱ्यांनी दोघींची नावं ऐकलेलीही असतील, म्हणजे फादरनी पहिली, लांबवाली प्रार्थना घेतली तर. त्यात फेलिसिटी, पर्पेतुआ, अगाथा, लुसी, अॅग्नेस, सिसिलिया, अॅनास्तासिया अशी यादी येते, आणि वेळ वाचवायला ती बऱ्याचदा गाळतात कारण तशी मुभा आहे. सणाची तारीखही हललेली. थॉमस अक्विनास या मध्ययुगातल्या मोठ्या धर्मपंडिताचा दिवस ७ मार्चलाच पडल्यामुळं यांना बराच काळ बाजूला व्हावं लागलं, शेवटी चर्चच्या सणांच्या १९६९ च्या फेररचनेत अक्विनास २८ जानेवारीला गेला आणि ७ मार्च यांना पूर्ण परत मिळाला. आणि हो, पर्पेच्युअल सकर चर्च म्हणतात त्याचा आणि हिचा संबंध नाही, तो मारिया मातेचा किताब आहे, फक्त शब्द एकाच मुळातून आलेत. हा घोळ मी स्वतः बरीच वर्षं घातलेला आहे.

ज्याच्या वाढदिवसाला हे सगळं झालं त्या गेटाचं काय झालं तेही सांगतो. २११ च्या डिसेंबरमध्ये सख्खा भाऊ काराकाला यानं त्याला आईच्या मिठीत असताना मारवलं, आणि मग हुकूम काढून त्याचं नाव सगळीकडून खोडून टाकायला लावलं. रोममध्ये सेव्हेरसच्या कमानीवर ती छिन्नी मारलेली जागा अजून दिसते. त्याच्या वाढदिवसाची आठवण मात्र राहिली ती या पुस्तकात, त्या दिवशी मारलेल्यांच्या पुस्तकात.

नावांचं बघायला गेलं तर पुस्तक तसं काटेकोर आहे. लाच देणाऱ्या दोन्ही डीकनांची नावं आहेत, जेलर पुदेन्सचं आहे, शिक्षा सुनावणाऱ्या हिलारियानुसचं आहे, मेलेल्या लहान भावाचं आहे. बापाचं नाव नाही. त्यानं ठेवून घेतलेल्या नातवाचं नाही, आणि आठव्या महिन्यात तुरुंगात जन्मलेल्या त्या मुलीचंही नाही.